शाईची विहीर

मला कुणी विद्वान म्हटलं की माझ्या तोंडाला शाईची चव येते. बोलायचं म्हणून बोलत नाही. ती चव मी खरोखर घेतलेली आहे, आणि तीही चारचौघांत, मोठ्या ऐटीत.

एकोणीसशे तीसच्या पुढेमागे मी मुंबईहून पदवी घेऊन आलो आणि रत्नागिरीत एका शाळेत शास्त्राचा मास्तर झालो. आमची वाडी शहरापासून दोन तासांच्या चालीवर, कातळाच्या कडेला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी घरी निघायचो. थोरला भाऊ मुंबईत गोदीत नोकरीला, त्यामुळे घरी आई आणि वहिनी दोघीच. शिकलेला म्हणून वाडीत मला मान होता. तो मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो.

कॉलेज सोडताना आमच्या प्राध्यापकांनी मला शिशाच्या खनिजाचा एक तुकडा दिला होता. बाजारात सुरमा म्हणून विकतात, त्यात पुष्कळदा हाच दगड असतो. शिसं आणि गंधक मिळून तो झालेला. हातोडीने हलकेच टिचकी दिली की चौकोनी तुकडा निघतो, त्याला पुन्हा टिचकी दिली तरी चौकोनीच. कारण आतली मांडणीच तशी. शिशाचा कण, शेजारी गंधकाचा, पुन्हा शिशाचा, उभ्या, आडव्या आणि खोल रांगा, आगरात पोफळी लावाव्यात तशा. क्ष-किरणांनी हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळतं, असं म्हणून प्राध्यापक आम्हांला चित्रं काढून दाखवत.

त्यांच्या सांगण्यातली मला वेड लावणारी गोष्ट मात्र दुसरीच होती. शिसं सगळं सारखं नसतं. युरेनियम नावाचा धातू फार फार सावकाश झिजतो आणि त्याचं शिसं होतं. अशा शिशाचं वजन साध्या शिशाहून किंचित वेगळं भरतं. विलायतेत तो फरक मोजण्याची यंत्रं नुकती निघाली होती. शिसं एकदा गंधकाच्या रांगेत जाऊन बसलं की त्यात नवी भर पडत नाही, घड्याळ थांबवून ठेवल्यासारखं. तेव्हा कुठल्या वजनाचं शिसं किती आहे ते पाहायचं आणि दगडाच्या वयाचा अंदाज बांधायचा. हे सांगून झालं की प्राध्यापक दर वेळी बजावत, "पण आधी दगड फोडा. घासून भिंगाखाली धरा. आत कोण आधी आलं, कोण मागून येऊन बसलं, ते पाहा. मग वयाची गोष्ट काढा." मी घड्याळ तेवढं लक्षात ठेवलं.

शहरातल्या वाचनालयात मी 'दगडाचं घड्याळ' या विषयावर व्याख्यान दिलं. सुरम्याचा दगड टेबलावर फोडून दाखवला, कोटी कोटी वर्षांच्या गोष्टी केल्या. एका वृद्ध वकिलांनी पाठ थोपटली. त्यानंतर दोन-तीन महिने मी जमिनीवर चालत नव्हतो असं वहिनी म्हणायची. ती जरा तिखट होती. "भावजी, आमच्या पाट्याचं वय काय हो? माझ्या सासूबाईंपेक्षा लहान की मोठा?" असं आईच्या देखत विचारायची.

वाडीला विहीर नव्हती. फाल्गुन लागला की पऱ्या, म्हणजे वाडीजवळचा ओढा, आटायचा आणि बायका कातळ ओलांडून दुसऱ्या वाडीवरून पाणी आणायच्या. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, पायाखाली तापलेला जांभा. दिवाळीनंतर वाडीने ठरवलं की आता विहीर काढायचीच, आणि पाणाडीबाबांना बोलावणं गेलं.

पाणाडीबाबा म्हणजे शेजारच्या कुणबीवाडीतले साठीचे गृहस्थ. जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगायचं आणि मग स्वतः उतरून विहीर खणायची, हे त्यांचं काम. सुरुंगाच्या आवाजांनी एका कानाने कमी ऐकू यायचं. पार गुहागरच्या आगरांपर्यंत त्यांनी विहिरी काढल्या होत्या. त्यांची एक सवय होती, प्रत्येक थराची माती चिमटीने जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि मग पुढे खणायचं. मुलं याला हसायची. मीही हसायचो, फक्त मनात.

विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सहा परस जांभा फोडल्यावर खाली शेडी लागली, म्हणजे जांभ्याखालची पांढरट चिकण माती. जांभा आणि शेडी यांच्या सांध्यातून करंगळीएवढा झरा सुटला. पाणाडीबाबांनी ते पाणी चाखलं आणि काम थांबवलं. म्हणाले, इथेच थांबायचं, आता खाली न जाता आडवं वाढवायचं. वाडीतल्या लोकांचं मन करंगळीएवढ्या धारेने कसं भरावं? तेव्हा पाणाडीबाबांनी कोपऱ्यात एक खड्डा घेऊन शेडीखाली काय आहे ते वर काढून दाखवलं. कुजकट वासाची काळी माती, आणि तिच्यात सोललेल्या नारळाएवढा एक गोळा. वरून सगळीकडे बारीक चौकोनी पैलू, पिवळे, झगझगीत.

बघता बघता वाडी गोळा झाली. सोनं सापडलं म्हणून एका म्हातारीने तर हात जोडले. रविवार होता, मी घरीच होतो. मला बोलावणं आलं.

"सोना नाय ह्ये," पाणाडीबाबा विहिरीच्या काठावर बसून सांगत होते. "लाकूड हाय. जुना लाकूड चिखलात ऱ्हावन असा व्हतो. ही माती नासकी. हिला वारा लागला की पानी नासवते. मी दोनदा बगितलाय."

मी गोळा हातात घेतला. ओळखायला कठीण नव्हतं. लोखंड आणि गंधक यांचं खनिज, वैद्य ज्याला माक्षिक म्हणतात त्यातलं. एवढं सांगून मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची पाळी आली नसती. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सोनं नाही हे खरं," मी म्हणालो, "पण लाकूडही नाही. हा दगड शंभर कोटी वर्षांचा आहे."

हा आकडा मी कुठून आणला? पुस्तकात सुरम्याच्या काही दगडांची वयं अशी प्रचंड दिली होती. सुरमा गंधकाचा, हाही गंधकाचा. तो चौकोनी, हाही चौकोनी. तोही चमकतो, हाही चमकतो. झालं! या गोळ्यात शिसं औषधाला तरी आहे का, याचा विचारही माझ्या मनात आला नाही. व्याख्यानाची धुंदी अजून उतरली नव्हती, दुसरं काही नाही.

"फोडून बगा मास्तर," पाणाडीबाबा म्हणाले. त्यांनी हातोडी उचललीसुद्धा.

"हात लावू नका! नमुना आहे तो."

"आत वलयां आसतील बगा. झाडाची."

"बाबा, तेव्हा पृथ्वीवर झाड नावाची वस्तूच नव्हती," मी म्हणालो, आणि लोक हसले. मला ते हसू गोड लागलं. पाणाडीबाबांनी हातोडी खाली ठेवली.

मग वाडीने मला विचारलं की खाली जावं की नाही. मी सांगितलं, दगड इतका जुना आहे की त्याचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं आहे, तो पाण्याचं काय वाकडं करणार? दोन परस खाली गेलात तर पाणीच पाणी. पाणाडीबाबांनी हातोडी पिशवीत टाकली. शेवटी म्हणाले, "वाडीचा हुकूम. खनतो मी. पन मी पानी पिनार नाय."

ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ खणणाऱ्याने प्यायची, मग घरधन्याने, मग इतरांनी. तोवर त्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही. चैत्रात काळ्या मातीतून गुडघाभर पाणी आलं. नारळ फुटला. पाणाडीबाबा वर आले, हातपाय धुतले आणि बाजूला जाऊन उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते जमिनीकडे बघत होते.

तेव्हा मी पुढे झालो. बादलीत ओंजळ घातली आणि पहिलं पाणी मी प्यायलो. घशाखाली उतरताना जिभेच्या टोकाला काहीतरी लागलं, लोखंडी उलथणं चाटल्यासारखं. "अमृत आहे," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या पिटल्या.

महिन्याभरात पाणी फिरलं. उपसा वाढला, उन्हाने पातळी खाली गेली आणि काळी माती उघडी पडली. पाण्यावर तांबूस साय धरू लागली. डाळ शिजेना. भात करडा व्हायला लागला. वहिनीने दोन दिवस पाणी गाळून पाहिलं, तिसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन पुन्हा कातळ चढायला लागली. वरचा करंगळीएवढा गोड झराही त्याच पाण्यात पडत होता, म्हणजे तोही गेला.

एका रविवारी सकाळी आईने नेहमीप्रमाणे हिरड्याचं चूर्ण पाण्यात कालवलं. तिने चुकून विहिरीचं पाणी घेतलं होतं. मी समोर बसलो होतो. तिने ढवळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पेला काळा झाला. निळसर काळा, दौतीतल्यासारखा.

पाचवीच्या मुलांना मी वर्गात शाई करून दाखवायचो. हिरड्याचा काढा आणि हिराकस, बस्स. हिराकस म्हणजे लोखंड आणि गंधक यांचाच क्षार, आणि माक्षिकाला हवा-पाणी लागलं की हिराकस सुटतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आईच्या हातातल्या पेल्यात माझा सगळा अभ्यास तरंगत होता. पाणाडीबाबांनी जिभेवर माती ठेवून जे सांगितलं तेच. आईने विचारलं, "असं का रे झालं?" मी म्हणालो, "पेला नीट विसळला नसेल."

पुढच्या रविवारी देवळात गावकी बसली. लोकांनी कारण शोधून ठेवलं होतं. खणणाऱ्याने पहिली ओंजळ नाकारली, पाण्याचा अपमान झाला, म्हणून पाणी नासलं. कुणी म्हणालं, मुद्दाम नासवलं. पाणाडीबाबा खांबाला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मी आदीच सांगितला व्हता." त्यावर सगळे जास्तच चिडले. मग गावकरांनी, म्हणजे मानाच्या म्होरक्यांनी, माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

पाणाडीबाबांनी मान वर केली. त्यांना बरं ऐकू यायचं तो कान त्यांनी माझ्याकडे केला, हे मला अजून दिसतं.

"पाण्याचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

मला लाज वाटते. तेव्हाही वाटली, पण तेव्हा ती मला परवडणारी नव्हती असं मी स्वतःला समजावलं. शाळेत नवा होतो, शहरात नाव होत होतं. पाणाडीबाबा देवळाच्या पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर आसपासच्या कुठल्याही वाडीने त्यांना विहिरीला बोलावलं नाही. त्या विहिरीला सगळे पाणाडीबाबांची विहीर म्हणायला लागले आणि मुलं शाईची विहीर, कारण हिरड्याचं पाणी पुढे घरोघर काळं झालं. वर्षभरात ते मुंबईला मुलाकडे गेले, गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत. तिथे पाणी नळाचं. माती चाखणाऱ्या माणसाने तिथे दिवसभर काय केलं असेल, हा विचार मी टाळत आलो.

गोळा मात्र मी शाळेच्या कपाटात ठेवला होता. खाली चिठ्ठी, 'अतिप्राचीन खनिज' आणि संग्राहक म्हणून माझं नाव. पाच पावसाळे गेले. एका श्रावणात कपाट उघडलं तर गंधकाचा उग्र वास आला. गोळ्यावर पांढरी-पिवळी बुरशीसारखी पूड फुटली होती, चिठ्ठी जळाल्यासारखी विरली होती, माझ्या नावाचा मागमूस नव्हता. आणि गोळा आपणहून मधोमध दुभंगला होता.

आत वलयं होती. एकात एक, बारीक, स्पष्ट. एका बाजूला सालीचा काळा पट्टासुद्धा. झाड चिखलात गाडलं गेलं होतं, हवा लागली नव्हती, लोखंड आणि गंधक त्याच्या छिद्राछिद्रांत भरत गेलं होतं आणि लाकूड जाऊनही लाकडाची रचना तशीच राहिली होती. चौकोनी पैलू ही नुसती वरची साल. हातोडीच्या एका घावात हे सगळं दिसलं असतं. प्राध्यापकांनी फोडा म्हणून सांगितलं होतं, पाणाडीबाबांनी फोडा म्हणून सांगितलं होतं. न फोडणारा मी एकटा.

पुढच्याच रविवारी वाडीत जाऊन सांगता आलं असतं. मी शिमग्यापर्यंत थांबलो. पाणाडीबाबा समोर असले पाहिजेत, असं कारण दिलं स्वतःला. मुंबईतली झाडून सगळी माणसं शिमग्याला येतात, तेही आले. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली होती, ढोल थांबले होते. मी त्यांना बाजूला घेऊन रुमालातले दोन तुकडे काढले.

ते फार वाळले होते. एक तुकडा त्यांनी उन्हात धरला आणि अंगठ्याच्या नखाने एकेक रेघ ओलांडत ओठांत मोजत गेले. "सव्वीस," ते म्हणाले. "सव्वीस पावसाळे बगितले ह्या झाडानं. तुमी वय इचारत व्हता नव्हं?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाबा, माझं चुकलं."

त्यांनी तुकडा माझ्या हातात परत ठेवला. "मना कशाला दाखवतांव? मना ठावकं व्हता. त्यांना दाखवा."

मग मी सहाणेसमोर उभा राहिलो आणि बोललो. लाकूड होतं, बाबांचं खरं होतं, खाली खणायला मी सांगितलं, चूक माझी. पण आईच्या पेल्याचं मी बोललो नाही. देवळात बसलो तेव्हा मला सगळं माहीत होतं, हे मी गिळलं. 'त्या वेळी कळलं नाही' असं काहीतरी पुटपुटलो.

मग गावकर पुढे झाले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा रे," ते म्हणाले, "एवढा शिकलेला माणूस, पण म्हाताऱ्याचं मन राखायला दोष आपल्या अंगावर घेतो. याला म्हणतात मोठेपण." पुष्कळांनी माना डोलावल्या. मी नाही नाही म्हणालो, तर तोही माझा विनय ठरला. पाणाडीबाबा खाली बसून पायाला लागलेली माती नखाने काढत होते.

थोड्या वेळाने तेच उठले आणि म्हणाले, "खालचे दोन परस शेडीनं बुजवा. वरचा झरा गोड हाय आजून." मुंबईला परतायची आगबोट त्यांनी चुकवली. पंधरा दिवस काठावर बसून बरोबर आलेल्या मुलाकडून आणि वाडीच्या गड्यांकडून त्यांनी काळी माती गोड शेडीखाली दाबून बंद करून घेतली आणि झऱ्याच्या अंगाने विहीर आडवी वाढवली. पाणी कमी आलं, पण आलं. पहिली ओंजळ त्यांनी घेतली, डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवली आणि गिळली. दुसऱ्या दिवशी ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या वर्षी मुंबईतच वारले.

बाबांनी ओंजळ घेतली त्या संध्याकाळी घरी वहिनीने मला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. "भावजी, एक विचारू? सासूबाईंचा हिरड्याचा पेला काळा झाला, तो देवळातल्या बैठकीच्या आधी की नंतर?"

मी म्हणालो, "आधी."

"मलाही तसंच आठवत होतं," ती म्हणाली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली. पाच वर्षं तिने कातळावरून पाणी वाहिलं होतं. तिने मला तोडून बोलायला हवं होतं. त्या दिवसापासून तिने माझी थट्टा करणंच सोडलं.

गोड झाल्यावर विहिरीचं नाव बदललं. सगळी वाडी तिला मास्तरांची विहीर म्हणते. वहिनी एकटी म्हणत नाही. हंडा उचलताना ती आईला मोठ्याने सांगते, "पाणाडीबाबांच्या विहिरीवर जाऊन येते."

दोन-तीन वर्षांमागे शिक्षण खात्याचे एक साहेब आमच्या वाडीवर आले होते. गावकरांनी त्यांना विहिरीवर नेलं. साहेबांनी तांब्याभर पाणी पिऊन विचारलं, "वा! कोणी काढली ही विहीर?"

"या आमच्या मास्तरांनी," गावकर म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. पलीकडे वहिनी पाणी ओढत होती. तिचे हात थांबले, कळशी अधांतरी राहिली, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मी साहेबांना म्हणालो, "गोड आहे ना पाणी?"